चहाच्या पेट्या आणि अप्पासाहेबांचा पोशाख

प्रश्न : आमचा पोट्टा नववीत आहे. शाळा हिंदी, घर मराठी. त्यानं शाळेतून जगाच्या इतिहासाचं एक पुस्तक आणलं. परवा जेवता जेवता म्हणे, "आई, चहावर टॅक्स लावला म्हणून अमेरिकावाल्यांनी एवढं मोठं इंग्रज सरकार सोडून दिलं. मग आपलं सौंसर इंग्रजांनी घेतलं तेव्हा इथले लोक काऊन गप्प बसले?" मी म्हटलं, भाजी घे. पण रात्री मलाच झोप नाही आली. सांगाल का?
– एक आई, सौंसर

उत्तर : ताई, "भाजी घे" हे काही वाईट उत्तर नाही, आमच्याही घरी तेच चालतं. पण पोरानं नस बरोबर धरली आहे. जगात कितीतरी ठिकाणी लोकांना साम्राज्यानं भरडून काढलं आणि ते शे-दोनशे वर्षं सोसत राहिले. काही ठिकाणी मात्र त्या मानानं खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं उठली आणि म्हणाली, आजपासून आम्ही वेगळे. नुसत्या जाचानं साम्राज्यं तुटत असती, तर अमेरिकेचा नंबर फार मागे लागला असता.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. 'वसाहत' म्हटलं की सौंसरच्या माणसाला बोरगावची औद्योगिक वसाहत आठवते आणि 'कॉलनी' म्हटलं की वीज मंडळाची कॉलनी. इतिहासातल्या वसाहती ढोबळमानानं दोन जातींच्या. एकीत मायदेशाची माणसं जाऊन घरं बांधतात, शेती करतात, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहतात. अमेरिका तशी. दुसरीत मूठभर साहेब येतात, वसुली करतात आणि पेन्शन खायला आपल्या गावी परत जातात. आपण त्या जातीत. पहिल्या जातीत फुटणारे आणि ज्यांच्यापासून फुटायचं ते, दोघं भाऊबंदच असतात.

आता चहा. १७७३ मध्ये चहाचा तो कायदा आला तेव्हा अमेरिकेत चहा महाग झालाच नव्हता, उलट स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा लंडनच्या गोदामांत पडून होता आणि कंपनी कर्जात रुतली होती. तिला वर काढायला ब्रिटिश सरकारनं अमेरिकेत थेट माल विकायची मुभा दिली. चहाच्या पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर मात्र तसाच ठेवला. बोस्टनच्या लोकांनी मेख ओळखली. स्वस्त चहा प्यायलो, की आम्हाला न विचारता बसवलेला कर आम्ही मुकाट्यानं मानला असा अर्थ होणार. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. पोराला सांगा, पुढे नागपूरच्या सीताबर्डीवर येऊन बसली ती हीच कंपनी.

पण खरी गोष्ट चहाच्या दहा वर्षं आधीची आहे. १७६३ पर्यंत हीच माणसं लंडनच्या राजाच्या बाजूनं फ्रेंचांशी लढत होती. शेजारी कॅनडात फ्रेंच होते आणि फ्रेंचांची भीती होती, म्हणून इंग्रजांची फौज हवीशी वाटत होती. १७६३ मध्ये फ्रेंच हरले, कॅनडा सोडून गेले. भीती संपली. आणि नेमक्या त्याच वेळी लंडननं युद्धाच्या कर्जाचा बोजा इकडे वळवायला सुरुवात केली. १७६५ च्या स्टॅम्प कायद्यानं कोर्टाच्या कागदावर, वर्तमानपत्रावर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर बसला. ज्याची गरज उरली नाही त्याचंच बिल यायला लागलं! त्यात व्हर्जिनियाची विधानसभा १६१९ पासूनची. आपले कर आपण ठरवायचे, आपले रस्ते आपण बांधायचे, ही सवय त्यांच्या हाडीमाशी मुरलेली.

त्याच वेळी जमैका आणि बार्बाडोसही ब्रिटिशांचेच होते. ते नाही फुटले. तिथं ऊसमळ्यांचे गोरे मालक थोडे आणि त्यांनी राबवलेले आफ्रिकी गुलाम त्यांच्या कितीतरी पट. गुलाम उठले तर लंडनचं आरमारच वाचवणार आणि साखरही लंडनच्याच बाजारात खपणार. त्यांना साम्राज्य लागत होतं.

आपल्याकडे घर फुटतं कधी, ते आठवा. सासूचा जाच सर्वांत जास्त असतो त्या वर्षी सून वेगळी चूल मांडत नाही. ती मांडते नवऱ्याची मिळकत सुरू झाल्यावर, स्वतःचा कणगीभर दाणा घरात आल्यावर, आणि सासऱ्याचा हात थरथरायला लागल्यावर. भांडण तर आधीही होतंच. मला साम्राज्यांचंही असंच दिसतं. साम्राज्याचं काम त्या मुलखात प्रत्यक्ष जी माणसं चालवत असतात, म्हणजे वसुली करणारे, फौजेत लढणारे, कागद लिहिणारे, त्यांना एक दिवस वाटायला लागतं की वरचा धनी नसला तरी आपलं अडणार नाही, उलट त्याच्यामुळेच अडतं आहे. मग निमित्त चहाचं असो की मिठाचं.

आणि हे बघायला अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही. सौंसरहून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याकडे निघालात की मोहखेडच्या बाजूला देवगडचा किल्ला आहे. पोराला एकदा न्या. मोती टाक्यात पाणी असतं तेव्हा न्या. आपला हा सगळा मुलूख एकेकाळी त्या डोंगरावरून चालायचा. तिथल्या गोंड राजा जाटबाची नोंद अकबराच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. दिल्लीला खंडणी द्यायची आणि बाकी आपलं आपण बघायचं, असा त्यांचा हिशेब होता. खंडणी थकली की दिल्लीची फौज यायची. १६३७ मध्ये खान दौरान आला, १६६७ मध्ये दिलेरखान आला.

मग आला बख्त बुलंद. गादीच्या भांडणात पाठबळ हवं म्हणून हा औरंगजेबाकडे गेला, १६८६ मध्ये मुसलमान झाला आणि देवगडचं राज्य बादशहाच्या हातून घेऊन परतला. म्हणजे त्याचं राजेपणच दिल्लीचं देणं होतं. दहा-बारा वर्षांत तोच माणूस बादशहावर उलटला. कारण औरंगजेब तोवर दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजण्यात पुरता अडकला होता आणि वऱ्हाडातलं मोगली ठाणं म्हणजे खाऊन टाकलेलं वावर झालं होतं. बख्त बुलंद म्हणजे थोर नशिबाचा. चिडलेल्या बादशहानं त्याला यापुढे 'निगूं बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणा असा हुकूम काढल्याचं सांगतात. नशीब काही फुटलं नाही. १७०२ च्या सुमारास त्यानं बारा वस्त्यांचं मिळून नागपूर वसवलं आणि दुरून शेतकरी, कारागीर आणून बसवले. घाटाखालच्या आपल्या काळ्या मातीवर नांगर फिरला त्यात या धोरणाचा वाटा आहे.

पुढचा अंक भोसल्यांचा. देवगडच्या गोंड घराण्यात भाऊबंदकी माजली, राणीनं मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं आणि मदतीला आलेले रघुजी १७४३ नंतर इथलेच झाले. गोंड राजाला किताब आणि मान राहिला, राज्य गेलं. रघुजी कागदोपत्री साताऱ्याच्या छत्रपतींचे सेनासाहेब सुभा. पण बंगाल-ओरिसाची चौथाई ते स्वतःच्या घोडदळावर गोळा करत आणि मधे पुण्याचे पेशवे आले की तलवार उपसत. १७४३ मध्येच दोघांची बंगालात जुंपली, शेवटी शाहू महाराजांना हद्द आखून द्यावी लागली. रघुजींचे चिरंजीव जानोजी तर १७६३ मध्ये निजामाबरोबर जाऊन पुणं लुटून आले आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईत निजामाला सोडून पेशव्यांकडे परतले. ज्या साली अमेरिकेतली फ्रेंचांची भीती संपली, तेच हे साल. माधवराव पेशव्यांनी १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजींना बांधून घेतलं. बोलावलं की फौज घेऊन यायचं, परस्पर कुणाशी बोलणी करायची नाहीत, वर्षाला खंडणी द्यायची. कलमं वाचली की कळतं, पुण्याला कशाची भीती वाटत होती.

इथं थोडं थांबून स्वतःकडेही बघावं. आपल्या मनात साम्राज्य म्हणजे नेहमी दुसऱ्याचं. कटकच्या माणसाला विचाराल तर १७५१ ते १८०३ ही वर्षं त्याच्यासाठी 'नागपूरकरांच्या' अमलाची होती, आणि बंगालात आपले घोडेस्वार 'बर्गी' म्हणून ज्या आठवणीत राहिले ती काही प्रेमाची नाही. १८०३ मध्ये इंग्रज कटकवर चालून गेले तेव्हा नागपूरसाठी ओरिसाची रयत काही उठली नाही. तुमच्या पोराचा प्रश्न तिकडची एखादी आई आपल्याबद्दलही विचारू शकते, उलट्या बाजूनं.

आता "गप्प काऊन बसले?" गप्प बसले नव्हते ताई, बोलायची वेळ आधीच निघून गेली होती. १८१६ मध्ये नागपूरनं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्च आपला, बंदुका त्यांच्या. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब भोसल्यांनी ते जोखड झुगारायचा प्रयत्न केला. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ ते २७ ची दुपार, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि ते हरले. कैद करून अलाहाबादला नेत असताना १८१८ च्या मे महिन्यात अप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले, ते थेट महादेवाच्या डोंगरात. चौरागडाची वारी आपल्याकडून जाते ना, तोच डोंगर. तिथं त्यांना आसरा दिला गोंडांनी, हर्रईच्या चैनशहानं. त्या पावसाळ्यात मुलताई-बैतूलच्या पट्ट्यात इंग्रजांची एक तुकडीच्या तुकडी कापली गेली. पण १८१९ मध्ये असीरगड पडला आणि अप्पासाहेब रानोमाळ भटकत १८४० मध्ये जोधपूरला वारले.

त्यानंतर गादीवर लहान मूल, कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचा. वसुली कुणी करायची, फौज किती ठेवायची, सगळं तो ठरवी. म्हणजे वेगळी चूल मांडायला लागणारी एकेक वस्तू आधीच उचलून नेली होती. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं, त्या वेळी वाड्यात राण्या होत्या, बांकाबाईंसारख्या वडीलधाऱ्या होत्या, अर्ज-विनंत्या होत्या. फौज नव्हती. वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. १८५७ च्या जूनमध्ये नागपूरजवळ टाकळीच्या रिसाल्यानं कट केला, तो उठायच्या आतच फुटला. नंतर जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. ज्यांच्याकडे गाव बघायचं, त्यांचंच हित नव्या सरकारला बांधलं गेलं. इंग्रज या कामात हुशार.

मग १९४७ कसं आलं? त्याच माणसांच्या पोरांमुळे. मालगुजाराचा मुलगा वकील झाला, कारकुनाचा मुलगा मास्तर झाला, आणि दोघांनाही कळलं की सर्वांत वरची खुर्ची आपल्यासाठी नाही. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराचा ठराव पक्का झाला. तिथून ६ जानेवारी १९२१ ला गांधीजी छिंदवाड्याला आले. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. दरम्यान आपल्या भागात गोवारी-वाढोण्याकडे मँगनीज निघत होतं. माती आपली, खोदणारे हात आपले, खाणीची कंपनी विलायतेत नोंदवलेली. स्वराज्यानंतरही पंधरा वर्षं ती होती. १९६२ मध्ये तिच्या खाणी घेऊन आजची मॉईल उभी राहिली.

आणि वरच्या धन्याचा हात थरथरला तो दुसऱ्या महायुद्धात. पंचवीस लाख हिंदी सैनिक, त्यांचं सामान, धान्य, कापड, यातलं पुष्कळ ब्रिटननं उधारीवर घेतलं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. सावकार आणि कूळ यांची जागाच बदलली. सरकारी सेवेत वरपर्यंत हिंदी अधिकारी पोचले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिक उठले तेव्हा लंडनला कळलं की आता बंदूक धरणाऱ्या हाताचाही भरवसा नाही. गांधीजींचं, तुरुंगात गेलेल्यांचं, चिमूर-आष्टीत मेलेल्यांचं मोल यानं तसूभर कमी होत नाही. त्यांच्यामुळेच तर खालचे हात मोकळे झाले.

पोराला एवढं सगळं सांगू नका. देवगडला न्या, आणि बाकीचं तो विचारेल तसं.

प्रश्न : वेगळं व्हायचं तर व्हावं. त्याचा जाहीरनामा काढायची काय गरज? उगाच समोरच्याला सावध करणं नाही का?
– बी.ए.चा विद्यार्थी, पांढुर्णा

उत्तर : जाहीरनामा समोरच्यासाठी नसतोच, बाजूच्यासाठी असतो. १७७५ पासून अमेरिकेत लढाई चालूच होती, १७७६ च्या जुलैपर्यंत सव्वा वर्ष झालं होतं. पण फ्रान्ससारखं राज्य दुसऱ्या राजाच्या बंडखोर प्रजेशी उघड तह कसा करणार? देश म्हणून उभे राहा, मग बोलू. जाहीरनामा निघाला आणि दीड-पावणेदोन वर्षांत, १७७८ च्या सुरुवातीला, फ्रान्सशी तह झाला.

आपल्याकडे हेच काम पोशाखानं व्हायचं. २४ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची खिलत अंगावर घातली. त्याच महिन्याच्या ५ तारखेला खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई होऊन गेली होती. इंग्रजांशी लढणाऱ्याचा पोशाख अंगावर घेणं म्हणजे एक शब्दही न लिहिता केलेला जाहीरनामा. रेसिडेंटनं त्या पोशाखाचा अर्थ बरोबर वाचला. दोनच दिवसांनी सीताबर्डी.

१६७४ चा शिवरायांचा राज्याभिषेक घ्या. किल्ले, फौज, मुलूख, सगळं आधीच होतं. तरी गागाभट्ट बोलावले, छत्र धरलं, नवा शक सुरू केला, स्वतःचं नाणं पाडलं. विजापूरच्या जहागीरदाराचा मुलगा अशी जी ओळख दरबारी कागदांत चालत होती ती पुसायला लढाई पुरत नव्हती. नाण्यावर नाव लागतं.

उलट टोकाचं उदाहरण २६ जानेवारी १९३० चं. राज्य हातात काहीच नाही, आणि गावोगाव लोक उभे राहून पूर्ण स्वराज्याची शपथ घेतात. लंडननं त्या दिवशी काही दिलं नाही. पण शपथ घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत गेला तेव्हा त्याचा नमस्कार थोडा कमी वाकला असेल, असं मला वाटतं. जाहीरनाम्याचा तिसरा वाचक म्हणजे तो काढणारा स्वतः.

प्रश्न : देश १९४७ ला सुटला, गोवा १९६१ ला. पोर्तुगाल तर इंग्लंडपेक्षा कितीतरी लहान. मग त्याला हाकलायला चौदा वर्षं जास्त का?
– निवृत्त पोस्टमास्तर, लोधीखेडा

उत्तर : लहान होता म्हणूनच. ब्रिटनकडे वसाहती गेल्यावरही कारखाने, बँका, जगभरचा व्यापार उरणार होता. पोर्तुगालकडे वसाहती गेल्या तर थोरपण म्हणून दाखवायला काय उरलं असतं? शिवाय लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही. लंडनच्या सरकारला निवडणुकीला तोंड द्यावं लागे, सालाझारला तसं नव्हतं. १९५१ मध्ये त्यानं कागदावर वसाहतींचं नाव बदलून 'सागरापारचे प्रांत' केलं आणि वसाहतच नाही तर सोडायची कोणाला, असं म्हणायला मोकळा झाला.

गोव्यात असंतोष नव्हता असं नाही. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावानं ओळखला जाणारा कट झाला. त्यात पुढे होते ते गोवेकर पाद्री, सगळे शिकलेले. वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळतात या रागानं पेटलेले. कट फुटला आणि लोक फाशी गेले. स्पेनच्या अमेरिकेतही पुढे हेच झालं. तिथं जन्मलेल्या गोऱ्यांना वरची पदं मिळत नसत, आणि १८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनचा राजाच कैद केला तेव्हा वरचा हात नाहीसा झाला. पंधरा-वीस वर्षांत मेक्सिकोपासून चिलीपर्यंत सगळं सुटलं. गोव्यात तो हात शेवटपर्यंत घट्ट होता. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली, पुढे सत्याग्रह झाले, गोळ्या चालल्या, आणि अखेर १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजेनं गोवा सोडवला. पोर्तुगालात हुकूमशाही कोसळली १९७४ मध्ये. पुढच्याच वर्षी अंगोला आणि मोझांबिक सुटले.

प्रश्न : २०२३ ला आमचा पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. काही पोरं म्हणतात 'आझादी'. हेही त्यातलंच का?
– संत्रा बागायतदार, पांढुर्णा तालुका

उत्तर : दादा, पोरांना म्हणू द्या, फटाकेही फोडू द्या, पण हे ते नाही. जिल्हा वेगळा होतो तेव्हा कलेक्टर बदलतो, राज्य तेच राहतं. साम्य असलंच तर तक्रारीत आहे. एका दाखल्यासाठी घाट चढून छिंदवाडा गाठायचा, साहेब दौऱ्यावर म्हणून परत यायचं, पुन्हा जायचं. दूरच्या राजधानीविषयीची बहुतेक गाऱ्हाणी अशीच सुरू होतात. लंडन-बोस्टन टपालाला महिना-दीड महिना लागायचा, तेही हेच गाऱ्हाणं.

सौंसर-पांढुर्ण्याचं खरं वेगळं होणं १९५६ चं. ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर घाटाखालचे आपण. आपण कोणापासून तुटलो नाही, आपल्याला न विचारता राजधानीच उठून गेली. दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार, सगळं अजून नागपूरलाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात आणि पुन्हा एकमेकांत सोयरिकी करतात, तसंच आपलं आणि सरहद्दीचं.

प्रश्न : पहिल्या ताईंना तुम्ही उत्तर दिलं ते अंक येण्याआधीच माझ्या कानावर आलं, कारण सौंसर लहान गाव आहे. त्यात आमचे गोंड राजे आले, बरं वाटलं. पण मोगल गेले, भोसले आले. भोसले गेले, इंग्रज आले. इंग्रज गेले. आमचं काय सुटलं?
– एक वाचक, रामाकोना

उत्तर : तुमचा प्रश्न या पानावरच्या सगळ्यांत जड आहे, आणि तो शेवटी आला याचा मला जरा संकोच वाटतो.

वर मी म्हटलं की साम्राज्याचं काम चालवणारी मधली माणसं वेगळी होतात. त्याची दुसरी बाजू तुम्ही दाखवली. मधल्या माणसांनी वेगळी चूल मांडली म्हणजे सगळ्यांत खाली बसलेल्यांच्या ताटात काही पडेलच असं नाही. अमेरिका १७७६ ला सुटली, तिथले गुलाम १८६५ पर्यंत गुलामच होते, आणि मूळच्या आदिवासींना तर नव्या देशानं जुन्यापेक्षा जोरात मागे ढकललं. लंडननं १७६३ मध्ये डोंगरापलीकडे वस्ती करू नका अशी बंदी घातली होती. वसाहतवाल्यांच्या रागाचं तेही एक कारण होतं. म्हणजे एकाचं स्वातंत्र्य ते दुसऱ्याच्या जमिनीवर. हैती वेगळा. तिथं खुद्द गुलाम उठले, १८०४ मध्ये त्यांनी स्वतःचा देश केला, आणि त्या धाडसाची भरपाई म्हणून फ्रान्सनं पुढे त्यांच्याकडूनच पैसे उकळले.

आपल्या डोंगरात कर चहावर नव्हता. मोहाची फुलं, जळणाची मोळी, गुरांची चराई, टेंभुर्णीची पानं, जे हजार वर्षं कुणाला विचारून घेतलं नव्हतं त्यावर नाका बसला. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलाला मालक मिळाला, आणि तो मालक तिथं राहणारा नव्हता. म्हणून १९३० मध्ये गांधीजींनी समुद्रावर मीठ उचललं तेव्हा मध्य प्रांतात लोकांनी विळे उचलले. समुद्र दूर होता, जंगल जवळ होतं. बैतूलला घोडाडोंगरीकडे गंजनसिंग कोरकू उठले. शिवनीत तुरियाला ९ ऑक्टोबर १९३० ला गोळीबार झाला, चार जण मेले.

आणि तुमच्याच गावात, रामाकोन्यात, २१ ऑगस्ट १९३० ला बादल भोईंना जंगल कायदा मोडला म्हणून पकडलं. परासियाकडच्या डुंगरिया तितराचा हा माणूस. १९२३ मध्ये हजारो आदिवासींना घेऊन छिंदवाड्याच्या कलेक्टरच्या बंगल्यावर गेला होता. रामाकोन्याहून त्यांना चांद्याच्या तुरुंगात पाठवलं आणि १९४० मध्ये ते तिथंच गेले. तुरुंगात विष दिलं असं आजही सांगितलं जातं. त्यांनी काही जाहीरनामा लिहिला नव्हता. गवत कापणं हाच त्यांचा जाहीरनामा होता, आणि तो वाचायला इंग्रज अधिकाऱ्याला दुभाष्या लागला नाही.

तुमच्या "काय सुटलं" ला माझ्याकडे गोड उत्तर नाही. मत मिळालं, आरक्षण मिळालं, २००६ मध्ये वनहक्क कायदा आला आणि जे पिढ्यान्‌पिढ्या कसत होते त्यांना दावा लावता येऊ लागला. छिंदवाड्याचं आदिवासी संग्रहालय १९५४ चं, १९९७ मध्ये त्याला बादल भोईंचं नाव दिलं. पण जंगलाच्या कडेला लावलेल्या पाट्या कधी थांबून वाचा. पुष्कळांवर 'भारतीय वन अधिनियम १९२७' असंच लिहिलेलं असतं. रामाकोन्याच्या अटकेच्या दिवशी तो कायदा तीन वर्षांचा होता.